इंग्लिश कॉम्पोझिशन: शेवटच्या निबंधाआधी उजळणी कुठून सुरू करावी?

समासातला_शेरा
अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाचा कॉम्पोझिशनचा कोर्स चालू आहे. शाळा मराठी माध्यमाची. प्रत्येक निबंधावर 'कॉमा स्प्लाइस', 'फ्रॅगमेंट' (अपुरं वाक्य) आणि 'सो व्हॉट?' (मग त्याचं काय?) हे शेरे ठरलेले. व्याकरणाचं अख्खं पुस्तक वाचायला वेळ नाही. काय आधी करू?

लाल_शाई
पुस्तक नकोच. तपासून आलेले निबंध काढा, ज्या चुका वारंवार दिसतात तेवढ्याच धरा.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की कॉमा स्प्लाइस: 'द बस वॉज लेट, आय मिस्ड द क्विझ.' मराठीत 'बस उशिरा आली, परीक्षा हुकली' सहज चालतं, म्हणून ते डोळ्यांना खटकत नाही. इथे पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम. स्वल्पविराम ठेवायचाच असेल तर त्यापुढे 'सो' हवं. किंवा 'बिकॉज'ने सुरुवात करून पहिलं वाक्य गौण करा. खरे फसवे 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर'. ही क्रियाविशेषणं आहेत, दोन वाक्यं जोडायची ताकद त्यांच्यात नाही. वाक्यांच्या सांध्यावर आली तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, नंतर स्वल्पविराम.

फ्रॅगमेंटची शंका आली तर वाक्याआधी 'इट इज ट्रू दॅट' लावून वाचा. 'इट इज ट्रू दॅट बिकॉज द बस वॉज लेट' अधांतरी राहतं, म्हणजे ते फ्रॅगमेंट. (प्रश्नार्थक आणि आज्ञार्थी वाक्यांना ही कसोटी लावू नका.) निबंध शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचा. सरळ वाचताना आधीच्या वाक्यातला अर्थ मन आपोआप भरून घेतं.

उभयान्वयी
आणखी एक खास आपली चूक: 'ऑलदो'ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे 'बट' येतो. जरी-तरीची सवय. दोन्हींपैकी एकच ठेवा.

अवतरणाचंही बघा. अमेरिकन पद्धतीत पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत जातो. पण एमएलए (संदर्भ देण्याची एक पद्धत) पद्धतीने ओळीतच कंसात पान क्रमांक दिला असेल, तर पूर्णविराम कंसानंतर.

तर्कट
वरचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा करा. जो परिच्छेद उद्या कापला जाणार, त्यातले स्वल्पविराम आज कशाला सुधारायचे? 'सो व्हॉट?' हा शेरा व्याकरणाचा नाहीच, ते आधी मिटवा.

दुसऱ्याच्या लेखाचं विश्लेषण करताना ॲरिस्टॉटलचे ईथॉस (लेखकाची विश्वासार्हता), पॅथॉस (भावनेला हात), लोगॉस (तर्क) नुसते ओळखून गुण मिळत नाहीत. 'लेखक पॅथॉस वापरतो' हे फक्त लेबल झालं. कोणता शब्द, कोणता वाचक, आणि त्याने लेखकाचा दावा पुढे कसा सरकतो, हे तिन्ही लिहा. समजा लेखात 'शहरातला धूर' ऐवजी 'तुमच्या मुलांच्या फुफ्फुसातला धूर' आहे. पालकांना ते भिडेल. तोच लेख महापालिकेच्या अभियंत्यांसाठी असेल, तर त्यांना मोजमाप हवं असतं. तिथे ही शब्दरचना लेखकाच्या विश्वासार्हतेलाच धक्का देऊ शकते.

प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. ती वाक्यं सलग वाचून युक्तिवाद कळला नाही, तर दुरुस्ती तिथे करा. स्वल्पविराम त्यानंतर.