अनुभव धागा: तुमच्या घरातला, कामातला, बोलण्यातला हातोडा

गेल्या आठवड्यात मुलगी अभ्यासाला बसली होती, मधेच विचारते, बाबा हातोडी, हातोडा आणि घण यात फरक काय? मी म्हटलं हातोडी लहान, हातोडा मोठा, घण त्याहून मोठा. ती पुढच्या प्रश्नाकडे गेली, मी मात्र तिथेच अडकलो. कारण त्याच सकाळी पेपरात 'अतिक्रमणांवर हातोडा' असा मथळा होता आणि खाली फोटो जेसीबीचा. लिलावात हातोडा पडतो, मैदानावर फेकतात, कानातसुद्धा एक हातोडी असते असं शाळेत शिकलोय. म्हणून म्हटलं सगळ्यांनाच विचारावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. वडील सुतार. खिळ्याला हातोडी, पटाशीला मात्र लाकडी मोगरी, कारण लोखंडाने ठोकलं की पटाशीची मूठ फुटते. मी लहानपणी समोर बसायचो खिळे द्यायला. खिळा आत जायला लागला की प्रत्येक ठोक्याला आवाज थोडा थोडा चढत जातो, आणि मधेच लाकडात गाठ लागली की टणकन वेगळाच आवाज येतो. तो आला की वडील लगेच थांबायचे, खिळा उपटून बोटभर बाजूला घ्यायचे. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण शेजारी कुणी खिळा ठोकत असेल तर खुर्चीत बसून सांगतात, वाकला बघ त्याचा.

तुम्ही लिहा. लांब आखूड कसंही चालेल.

*

पुण्यातून, तांबट आळीतून लिहितेय. माझं माहेर इथलं. आमच्याकडे ठोकणं असं कुणी म्हणत नाही, मठारणं म्हणतात. तांब्याच्या पत्र्याला आधी आकार द्यायचा आणि मग पूर्ण भांड्यावर ओळीने मठारकाम करायचं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून बसला पाहिजे, मधे जागा राहता कामा नये आणि एकावर एक पण पडता कामा नये. लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी आहेच, पण ठोकून ठोकून तांबं कडक होतं, भांडं मजबूत होतं, तो खरा उपयोग. जास्त कडक झालं तर मग चिरतं, म्हणून मधे मधे भट्टीत लाल करून परत मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला बसायचं. आजोबा भांडं पायाने धरून बसायचे आणि डोळे बऱ्याचदा समोर रस्त्यावर असायचे, हात आपोआप चालायचा. संध्याकाळी आळी थांबली की कानात एकदम पोकळी झाल्यासारखं व्हायचं.

लग्न होऊन कोथरूडला आले तर पहिल्याच उन्हाळ्यात सकाळी सकाळी टुक टुक टुक टुक, एका लयीत. मला वाटलं इथेही कुणी आपल्यातलं राहतं की काय. सासूबाई म्हणाल्या अगं तो तांबट पक्षी. हिरवा, कपाळ लाल, चिमणीपेक्षा थोडा मोठा. त्या दिवशी खूप रडले.

*

आमच्या गावाकडं (जामखेडच्या बाजूला) सुगीच्या आधी घिसाडी यायचे, झाडाखाली पाल ठोकायचे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटायला (धार काढून घ्यायला) गावभराची गर्दी. भात्याला पोरगं, सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर म्हातारा, आणि घण मारायला बाई. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण घण म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पैलवान गडी येतो. मी तर लहानपणापासून घण बाईच्याच हातात बघितलाय. म्हाताऱ्याच्या हातात छोटी हातोडी असायची, तो फक्त टिक करून जागा दाखवायचा, की तिथंच बाईचा घण पडायचा. टिक धाड टिक धाड. बोलणं काहीच नाही. थांबायचं असलं की म्हातारा हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजवायचा, ती घण खाली ठेवायची आणि पदरानं तोंड पुसायची.

प्रश्न ऐरणीवर आला असं पुढारी भाषणात म्हणतात तेव्हा मला तीच ऐरण दिसते. लोखंड लाल आहे तेवढ्यातच घाव पडला पाहिजे, थंड झालं की परत भट्टीत. पुढाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं ऐरणीवर कसे राहतात मला कळत नाही.

*

आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो, चंद्रपूर जिल्हा. पहिल्याच आठवड्यात हातोडीचे भाग शिकवतो. तोंड, गाल, डोळा. दांडा ज्यात बसतो ते भोक म्हणजे डोळा. पोरं हसतात पण मग विसरत नाहीत. डोळ्यात दांडा घातल्यावर वरून पाचर ठोकायची म्हणजे डोकं निसटत नाही. 'त्याने कामात पाचर मारली' असं आपण वाईट अर्थाने बोलतो, पण वर्कशॉपमधे पाचर नसली की जीवावर बेततं. आमच्याकडच्या मे महिन्यात लाकूड इतकं वाळतं की दांडे सैल होतात, म्हणून काम सुरू करायच्या आधी प्रत्येकाने दांडा हलवून बघायचा हा माझा नियम आहे, आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही.

*

तबल्याची हातोडी अजून कशी आली नाही?

मी नववीत असताना शिकायला लागले. सरांनी पहिलं वर्षभर हातोडीला हात लावू दिला नाही. तबला वाजवता येणं वेगळं आणि लावता येणं, म्हणजे सुरात आणता येणं, वेगळं, असं ते म्हणायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुडीच्या (तबल्यावरच्या चामड्याच्या) कडेला चामड्याची वेणी असते तिला गजरा म्हणतात, गजऱ्यातून वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, खाली गेलेली असते आणि वादीत लाकडी गट्टे अडकवलेले असतात. सूर बराच चढवायचा उतरवायचा असेल तर गट्टे ठोकायचे, थोडाच फरक असेल तर गजरा. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण तबल्याला कडेने सोळा घरं (वादीच्या मधल्या जागा), आणि एका घराचा सूर चढवला की समोरच्या घराचा बदलतो. मग तिकडे जायचं, मग परत इकडे. बोटाने चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) टण करून ऐकायचं, एक हलका ठोका, परत ऐकायचं.

एकदा गणपतीत कार्यक्रम होता, बाहेर धो धो पाऊस, पुडी दमट हवेने सैल पडलेली, आणि गायिकेचा सूर काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी), म्हणजे उंच. मी घाबरून घाईघाईत ठोकत गेले आणि एक ठोका गजऱ्यावरून सटकून सरळ पुडीवर. फाटली. समोर लोक बसलेले, माझे हात गार पडले. सर विंगेतून आले, स्वतःचा तबला माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या हातातून हातोडी घेऊन शांतपणे लावून दिला. एक शब्द बोलले नाहीत. घरी जाताना फक्त एवढंच म्हणाले, आधी ऐकायचं, मग मारायचं, तू आज आधी मारलंस.

सर जाऊन चार वर्षं झाली. त्यांची हातोडी माझ्याकडे आहे, पितळी, दांड्यावर त्यांच्या अंगठ्याच्या जागी खोलगट झालंय. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही, तरी मी तीच वापरते.

*

वरच्या 'अतिक्रमणांवर हातोडा' वरून लिहितो. आमचं दुकान होतं, सायकल दुरुस्तीचं, वडिलांनी टाकलेलं. रस्ता रुंदीकरणात गेलं. नोटीस आली होती हे खरं, पण पर्यायी जागा देऊ म्हणाले होते ती अजून मिळालेली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या भिंतीचा फोटो आणि वर तोच मथळा. मथळा लिहिणाऱ्याला शब्द छोटा आणि जोरदार हवा असतो, समजतं मला. पण ज्या हातोडीने वडिलांनी त्या भिंतीत टायर टांगायचे खिळे मारले होते तीच हातोडी मी त्या ढिगाऱ्यातून शोधून काढली. आता हातगाडीवर पंक्चर काढतो, हातोडी सोबत आहे.

*

वकील आहे, २० वर्षं झाली. सिनेमातले न्यायाधीश ऑर्डर ऑर्डर म्हणत हातोडा आपटतात, पण मी ज्या ज्या कोर्टात उभा राहिलो तिथे कधी कुणाच्या टेबलावर हातोडा पाहिला नाही. कायद्यात मात्र हातोडा खराच आहे. वस्तू विक्री कायदा, १९३०, कलम ६४ बघा. लिलाव करणाऱ्याने हातोडा पाडून किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीने जाहीर केलं की विक्री पूर्ण, आणि तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. म्हणजे हातोडा वर असेपर्यंत माणूस मोकळा, पडला की बांधला गेला. नवीन मुलांना शिकवताना मी हे कलम हमखास सांगतो, चेहरे बघण्यासारखे होतात.

*

हातोडाफेक खेळायचे, विद्यापीठाच्या टीममधे होते. गावात आजीला सांगितलं तर म्हणाली हातोडी फेकायची असती होय, हरवली तर? मग तिला फोटो दाखवला. त्याला हातोडा का म्हणतात हे बघून कुणालाच कळत नाही, लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. पूर्वी स्कॉटलंड आयर्लंडकडे खरोखरचा दांड्याचा घण फेकायचे, त्यावरून नाव राहिलं. बायकांचा गोळा ४ किलोचा, पुरुषांचा ७.२६. सव्वादोन मीटरही नाही एवढ्या वर्तुळात (२.१३५) तीन चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडायचा. गिरकी बरोबर जमली की तो आपल्याला ओढतो, आपण फक्त मागे रेलून त्याला धरून ठेवायचं. युरी सेदिखचा ८६.७४ मीटरचा विश्वविक्रम १९८६ चा आहे, तो कुणाला मोडता आलेला नाही. ऑलिंपिकमधे पुरुषांची हातोडाफेक १९०० पासून आणि बायकांची थेट २०००, सिडनीला. शंभर वर्षं! याचा मला आजही राग येतो.

*

कोकणातून. इंग्रजीवाले ज्याला हॅमरहेड म्हणतात ती आमची कानमुशी. मुशी म्हणजे शार्क. त्यांना डोकं हातोड्यासारखं दिसलं, आमच्या लोकांना दोन्ही बाजूंना कान पसरल्यासारखं दिसलं. दोन्ही खरंच आहे, पण तिच्या त्या टोकांना डोळे असतात हे कुणी नावात आणलं नाही. आज्याबरोबर बंदरावर जायचो तेव्हा बघितलेली आहे. आता क्वचितच.

*

जिऑलॉजीचा विद्यार्थी होतो. आम्ही फोटो काढताना खडकावर हातोडी ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याला कळतं थर किती जाड आहे. माझ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा त्या हातोडीचे फोटो जास्त आहेत. आणि आपला काळा पाषाण ताजा असेल तर हातोडी मारल्यावर खणखणीत वाजतो, आतून कुजलेला असेल तर भद्द. सर आम्हाला डोळे मिटून ओळखायला लावायचे.

*

हा धागा काल रात्री वाचत बसले आणि बघा ना, जो तो आवाजाबद्दलच लिहितोय. म्हणून माझं लिहायचं धाडस करते.

कानातल्या हातोडीचा विषय पहिल्यांदा निघाला होता. पडद्यामागे तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडदा हलला की हातोडी ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला आणि रिकीब आतल्या कानाला. रिकीब शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. माझी हातोडी ऐरण चांगली होती, रिकीब जागच्या जागी घट्ट बसली होती, हलेचना. ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढत गेलं, मुलगा मागून हाक मारायचा ते कळायचं नाही आणि घरचे म्हणायचे हिचं लक्षच नसतं. पाच वर्षं मीही तेच मानत होते. पाच वर्षं!

शेवटी ऑपरेशन झालं, फक्त कान बधिर करून. त्या रिकिबीच्या जागी छोटासा पिस्टन बसवतात. मी टेबलावर जागीच होते. डॉक्टरांनी काहीतरी केलं आणि एकदम मला नर्सच्या बांगड्या ऐकू आल्या. दोन काचेच्या बांगड्या. मी म्हटलं तुमच्या बांगड्या वाजतायत, आणि डॉक्टर म्हणाले हलू नका, बोलू नका, पण हो, वाजतायत.

*

वडील रेल्वेत कीमन होते, चाळीसगावच्या अलीकडच्या भागात. कीमन म्हणजे रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके (ते रुळावर ठेवले की गाडीचं चाक फोडतं आणि ड्रायव्हरला धोका कळतो). जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सैल झालेली चावी (रुळाला जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर) दिसली की ठोकून बसवायची. थंडीत पहाटे रूळ आकसतो आणि तडकायची भीती असते, म्हणून डिसेंबर जानेवारीत ते जास्त हळू चालायचे.

मी सुट्टीत कधी कधी बरोबर जायचो. ते चालता चालता एखाद्या चावीवर हातोडा टेकवायचे, मारायचे नाहीत, नुसता टेकवायचे, आणि पुढे जायचे. मी म्हटलं तुम्ही ठोकत का नाही? म्हणाले घट्ट आहे ती, बोलली. मग पुढे एका ठिकाणी टेकवला आणि थांबले. मला काहीच फरक कळला नव्हता. त्यांनी मला बाजूला उभं केलं, दोन घाव घातले, परत टेकवला, आणि म्हणाले आता ऐक. आणि खरंच कळला. नंतर परत येईपर्यंत मी प्रत्येक चावीला विचारत आलो, आणि ते मला घाई न करता मागे थांबत राहिले.