पहिला ओपन-बॅक हेडफोन घेताना ॲम्प्लिफायरसाठी पैसे राखून ठेवावेत का?

कृष्णाकाठ (सांगली)

माझा भाचा विश्रामबागेत राहतो, मिरजेला गाणे शिकायला जातो आणि रात्री घरी ध्वनिमुद्रणे ऐकत बसतो. साठवलेल्या दहा हजार रुपयांतून त्याला पहिला ओपन-बॅक हेडफोन घ्यायचा आहे. पुण्यातल्या एका मित्राने त्याला सांगितले की हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचाच (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप; तो जास्त असला की जास्त व्होल्टेज लागते) घ्यावा आणि निम्मे पैसे ॲम्प्लिफायरसाठी बाजूला काढावेत. पहिल्या खरेदीसाठी हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

ओपन-बॅक हेडफोनच्या कपांची पाठ जाळीची असते. आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज बंद कपात आदळून परत कानावर येत नाही, तो जाळीतून निघून जातो. म्हणूनच तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार), तबल्याची चाट आणि गायकाचा श्वास एकमेकांत न मिसळता आपापल्या जागी ऐकू येतात. हा गुण कपाच्या रचनेतून येतो आणि ओहमच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. सेनहायझरने १९६८ साली आणलेला एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन २००० ओहमचा होता, पण तो आकडा त्या काळच्या उपकरणांना साजेसा होता. आज भाच्याच्या हातात मोबाइल आहे. त्याने फिलिप्स एसएचपी ९५०० (३२ ओहम) किंवा एकेजी के२४० स्टुडिओ (५५ ओहम, अर्धा ओपन) अशांपैकी एखादा घ्यावा. दोन्हींची वायर काढून बदलता येते, आणि माझ्या अनुभवात हेडफोनची वायरच सर्वांत आधी जाते. मोबाइलला पिनची जागा नसेल तर टाइप-सीचे साधे डोंगल पुरेसे आहे.

हळदपेठ (सांगली)

ॲम्प्लिफायरचा प्रश्न नंतरचा आहे. मुळात या मुलाने ओपन-बॅक घ्यावा का, हे आधी ठरले पाहिजे, आणि माझे उत्तर नाही असे आहे. ज्या जाळीतून आवाज बाहेर जातो, त्याच जाळीतून बाहेरचा आवाज आत येतो. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत रात्री पंखा बंद करून बसता येत नाही, आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्याने जात असतात. मी ओपन-बॅक वापरला आहे. पंख्याच्या आवाजावर मात करण्यासाठी मी नकळत आवाज वाढवत गेलो आणि शेजारी झोपलेल्या आईची झोपमोड होऊ लागली, म्हणून शेवटी तो विकून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते. गाणे शिकणाऱ्या मुलाचे कान हेच त्याचे भांडवल आहे. त्याने चांगला क्लोज्ड-बॅक (बंद कपांचा) घ्यावा.

रोहित्र (कराड)

सुचवलेले हेडफोन मोबाइलवर चालतील हा कृष्णाकाठ यांचा निष्कर्ष मान्य होण्यासारखा आहे, पण त्यामागचे कारण अपुरे आहे. केवळ ओहम पाहून हेडफोन मोबाइलवर चालेल की नाही हे कळत नाही, त्यासाठी संवेदनशीलताही, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो तेही, पाहावे लागते. हायफायमॅनचा एचई४००एसई फक्त २५ ओहमचा आहे, तरीही त्याची संवेदनशीलता ९१ डेसिबल असल्यामुळे तो साध्या मोबाइलवर दबका वाजतो. शिवाय हा आकडा कुणी प्रति मिलिवॅट देते, तर कुणी प्रति व्होल्ट. प्रति मिलिवॅट १०० डेसिबल असलेले दोन हेडफोन घेतले, तर एक व्होल्टला ३२ ओहमचा सुमारे ११५ डेसिबल देईल आणि ३०० ओहमचा सुमारे १०५. कागदावर सारखे दिसणारे हे दोन हेडफोन प्रत्यक्षात दहा डेसिबलच्या अंतरावर आहेत.

खरेदीबाबत माझे मत मात्र पुण्याच्या मित्राकडे झुकते. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन १९९७ साली आला आणि त्याच्या गाद्या व वायर आजही मिळतात. भाच्याने आणखी काही महिने थांबावे, पैसे वाढवावेत आणि एकदाच घ्यावे.

जवारी (मिरज)

आमच्या घरात तंबोरे लागतात, त्यामुळे मी कानाच्या बाजूने लिहितो. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ असतो, म्हणजे एक सप्तक खालची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर येते. बहुतेक ओपन-बॅक हेडफोनांचा आवाज १०० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. तरीही तंबोरा त्यावर उणा वाटत नाही, कारण जवारीमुळे त्याचा बराचसा आवाज वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत) असतो. उणीव जाणवते ती डग्ग्याच्या घुमाऱ्यात आणि पखवाजात.

आपापल्या जागी ऐकू येण्याच्या मुद्द्यावर मात्र माझी हरकत आहे. या मुलाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब असतीलच, कारण मिरजेत गाणे शिकणारा मुलगा तिथूनच सुरुवात करतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनो आहेत, त्यामुळे त्यांत डावी-उजवी जागाच नाही. तिथे ओपन-बॅकचा फायदा एवढाच की कपाची घूम स्वरावर चढत नाही. फायदा लहान असला तरी स्वराचा लगाव ऐकणाऱ्याला तो मोलाचा आहे. मात्र बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रो सारखा, वरचे स्वरांश उठावाने देणारा हेडफोन त्याने टाळावा. त्यावर तबकडीची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसते.

कृष्णाकाठ (सांगली)

रोहित्र, संवेदनशीलतेचा मुद्दा मी सोडला होता, ती माझी चूक आहे. थांबून एकदाच घेण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. ज्याने अजून एकही ओपन-बॅक कानाला लावलेला नाही, त्याला आपल्याला काय आवडते हे माहीत नसते, आणि एचडी ६०० घेऊनही पंखा तोच राहणार आहे.

हळदपेठ, आपल्या मुद्द्याने मी खरोखर विचारात पडलो. भाच्याची खोली मागच्या अंगणाकडे आहे आणि तिथे तो एकटाच झोपतो, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. तरीही पंखा आहेच. मिरजेतल्या माझ्या एका मित्राकडे के२४० आहे. रविवारी दुपारी भाच्याला घेऊन जातो आणि पंखा पूर्ण वेगाने लावून त्याला तासभर खाँसाहेब ऐकायला लावतो. तेवढ्या वेळात त्याचा हात आवाज वाढवण्याकडे गेला, तर क्लोज्ड-बॅक घेऊ.

हळदपेठ (सांगली)

चालेल. फक्त त्याला आधी काही सांगू नका, नाहीतर तो हात आवरेल.