आरएक्स १०० चा ब्लॉक: ओरिजिनल रिबोअर करायचा की बाहेरचा नवीन किट टाकायचा?

वागळे इस्टेटचा आरएक्सवाला
गाडी यामाहाची आरएक्स १००, टू-स्ट्रोक बाइक, १९९१ ची, वडिलांची. गेल्या रविवारी घोडबंदरला गायमुखच्या चढावर आधी पिकअप गेला, मग आवाज कोरडा झाला आणि थर्डमध्ये मागचं चाक जाम, क्लच दाबला म्हणून वाचलो. ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो तो सिलिंडर, उतरवला तर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने उभ्या रेघा, नख अडकेल एवढ्या खोल. ब्लॉक ओरिजिनल आहे, ०.५० साइजवर, म्हणजे आधीच रिबोअर करून आतलं भोक (बोअर) मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं केलेलं. मेकॅनिक म्हणतो बाहेरचा ब्लॉक-पिस्टन किट टाक, संध्याकाळी गाडी घेऊन जा.

माझं स्पष्ट मत आहे की ओरिजिनल ब्लॉकमध्ये एक साइज जरी शिल्लक असला तरी तो काढून टाकायचा नाही. टू-स्ट्रोकचा ब्लॉक म्हणजे नुसता पिस्टन वरखाली करायचा पाइप नाही. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, इथे पेट्रोल-हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या खिडक्या ब्लॉकच्या भिंतीतच आहेत, त्यातली एक खिडकी मिलिमीटरभर वर गेली तरी खालचा जोर जातो आणि गाडी नुसती ओरडते. यामाहाच्या ओतकामात त्या खिडक्या जागेवर आहेत याची मला खात्री आहे, बाहेरच्या किटची नाही. विरोधी मत असेल तर जरूर सांगा.

रबाळे गॅरेज
माझं विरोधी मत आहे. खिडक्यांचं बोलतोस ते बरोबर, पण रिबोअर करणार कोण? पिस्टन आणि बोअरमध्ये चार-पाच शतांश मिलिमीटरची जागा ठेवायची असते, ती मोजून ठेवणारे लेथवाले कमी झालेत. मी असे ओरिजिनल ब्लॉक बघितलेत की बोअर एका बाजूला कललेला, रिंगा एकाच कडेला घासलेल्या आणि मालक म्हणतो ब्लॉक ओरिजिनल आहे. त्यापेक्षा चांगला नवीन ब्लॉक स्टँडर्ड ५० मिलिमीटर बोअरचा घे, पुढचे ०.२५ पासून १.०० पर्यंत चारही साइज तुझ्या हातात राहतात. मुलगा कॉलेजला गाडी नेईल तोपर्यंत चालेल.

वागळे इस्टेटचा आरएक्सवाला
दादा, चांगला नवीन ब्लॉक म्हणता तो ओळखायचा कसा? मागच्या पावसाळ्यात मित्राच्या गाडीला किट टाकला, मी तिथेच उभा होतो. बसवायच्या आधी आत टॉर्च मारला, सायलेन्सरच्या खिडकीवर बोट फिरवलं तर कड ब्लेडसारखी, घासून अजिबात मोडलेली नाही. डावीकडची ट्रान्सफरची, म्हणजे पेट्रोल-हवा खालून वर आणणारी, खिडकी उजवीपेक्षा डोळ्याला दिसेल इतकी अरुंद, आत ओतकामाची वाळू चिकटल्यासारखा खरबरीतपणा. मी म्हटलं बसवू नका, कोणी ऐकलं नाही. महिन्याभरात रिंगेचं टोक त्या कडेला अडकून तुटलं आणि तुकडा पिस्टनच्या डोक्यावर आपटत राहिला. नवीन पिस्टन, नवीन ब्लॉक, दोन्ही भंगारात.

खारघर टेकडी
तुम्ही दोघं ५० बोअरमध्येच अडकलात. आरएक्स १३५ सारखा ५८ बोअरचा मोठा किट टाका ना, स्ट्रोक तोच ५०, सरळ १३२ सीसी. खारघर हिलला डबल सीट दुसऱ्या गिअरमध्ये रडत जायचे दिवस संपतील. पैसे खर्च करायचेच आहेत तर ताकद तरी मिळू दे.

कळवा खाडी
खारघरवाले, अजिबात पटत नाही. इंजिन एक तृतीयांशने मोठं होतं, क्रँक आणि बेअरिंग तेच, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलला नाही तर पहिल्याच दिवशी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होऊन जाम. शिवाय आरसीवर ९८ सीसी आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि या जुन्या गाड्यांना पासिंगला जावंच लागतं. शेवटच्या साइजचा रिबोअर, म्हणजे ५१ बोअर केला तरी जेमतेम १०२ सीसी होतं. वडिलांच्या गाडीचे कागद धोक्यात घालू नका एवढीच विनंती.

नेरुळ सेक्टर
मी आखातात होतो तेव्हा वाळूत यामाहा बॅन्शी चालवायचो, चार चाकांची, ३४७ सीसीची टू-स्ट्रोक ट्विन. त्या गाडीला बाहेरचे सिलिंडर टाकणं लोक कमीपणाचं मानत नाहीत, उलट ओरिजिनलपेक्षा चांगले मिळतात. म्हणून बाहेरचं म्हणजे वाईट हे मला मान्य नाही. पण निवडताना आतलं अस्तर बघा. बिडाच्या लायनरचा ब्लॉक परत परत बोअर होतो. निकासिल, म्हणजे निकेलच्या कडक कोटिंगवाला थंड राहतो, कमी झिजतो, पण त्याला खोल रेघ पडली की नेहमीच्या लेथवर काही होत नाही, कोटिंग काढून परत चढवावं लागतं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये हवेवर थंड होणारी गाडी, रेघ पडायची भीती राहणारच, म्हणून मी बिडाचाच घेईन.

रबाळे गॅरेज
हे बरोबर बोललात. आणि आरएक्सवाल्या भावा, एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, गाडी जाम का झाली? कारण शोधल्याशिवाय ओरिजिनल टाक नाहीतर सोन्याचा टाक, परत जाम होणार. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचा क्रँक सील बघ. तो गेला की बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही. तसं होत होतं का?

वागळे इस्टेटचा आरएक्सवाला
होत होतं, दोन आठवडे. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसलो होतो. आज मॅग्नेटो काढला, सीलचा ओठ कडक होऊन चिरलाय. दादा, मनापासून आभार.

ब्लॉक पण मोजून आणला. रेघा ०.७५ मध्ये निघतात, लायनर घट्ट आहे. लेथवाले काका म्हणाले आधी पिस्टन आण, तो मोजल्याशिवाय मी बोअरला हात लावणार नाही. असा माणूस मिळाला म्हणून ओरिजिनलच ठेवतोय.

रबाळे गॅरेज
पिस्टन आधी मागतोय ना, मग दे त्याच्याकडे बिनधास्त. फक्त होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची बारीक घासाई, झालं की खिडक्यांच्या कडा परत मोडून घे, बोअर केल्यावर त्या पुन्हा धारदार होतात, तुझ्या मित्राच्या किटसारख्याच. आणि पहिले पाचशे किलोमीटर, नवीन पिस्टन रुळेपर्यंत, घोडबंदरला ट्रॅफिकच्या आधी, सकाळी सातच्या आत जा.