औषधाची पातळी लाळेतून मोजावी का?

मुक्तछंद: फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांना औषधाची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. लहान मुलांची शीर सापडत नाही, टोचाटोची होते. बहुतेक ग्लुकोमीटरच्या पट्ट्या विद्युतरसायनावरच चालतात, म्हणजे रासायनिक क्रियेतून येणारा विद्युतप्रवाह मोजतात, मग तशाच पट्टीवर लाळेचा थेंब का नको? फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. परिणाम करतो तो मोकळा भाग, आणि लाळेत तोच उतरतो. माझ्या मते लाळ हाच जास्त खरा नमुना आहे.

रसायनी: तत्त्व मान्य, पण पट्टीच्या बाबतीत तुम्ही फार घाई करताय. ग्लुकोजच्या पट्टीवर फक्त ग्लुकोजला ओळखणारं एन्झाइम असतं. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर व्होल्टेज वाढवत नेलं की जे जे ऑक्सिडाइज होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं, ते सगळं प्रवाह देतं. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल दोन इलेक्ट्रॉन सोडतं, प्रवाहाच्या आलेखात छान शिखर दिसतं. पण लाळेतलं युरिक अ‍ॅसिडही त्याच्या जवळपासच्या व्होल्टेजलाच ऑक्सिडाइज होतं. त्यात म्युसिनचा, म्हणजे लाळेतल्या चिकट प्रथिनाचा, थर इलेक्ट्रोडवर बसतो आणि शिखर खुजं होत जातं. बफरमधला (स्थिर पीएचच्या स्वच्छ द्रावणातला) सुंदर आलेख खऱ्या लाळेत टिकत नाही.

मुक्तछंद: म्हणून तर डिफरन्शिअल पल्स पद्धत (व्होल्टेज छोट्या धक्क्यांनी देऊन प्रवाहातला फरक मोजणं) वापरतात, जवळची शिखरं वेगळी काढता येतात. पट्टी एकदाच वापरून टाकायची, वर म्युसिन अडवणारा पातळ पडदा द्यायचा.

रसायनी: आणि व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या दुसऱ्या औषधाचं काय? ते कार्बनवर ऑक्सिडाइजच होत नाही. मनोविकारावरच्या लिथियमला आयन-निवडक (ठरावीक आयनलाच प्रतिसाद देणारा) इलेक्ट्रोड लागतो. एकच पट्टी सगळ्यांना चालणार नाही.

औषधवेळ: दोघांनीही तोंडाचा विचार केलेला नाही. सिरप घेतल्यावर लगेच नमुना घेतला तर जिभेवर राहिलेलं औषधच मोजलं जाईल. त्यामुळे नमुना पुढच्या डोसच्या आधीच घ्यायला हवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आकडा फुगतो. फेनोबार्बिटल या फिट्सच्या औषधाचं आणखी अवघड, त्याचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचे निम्मे रेणू आयन झालेले असतात तो आकडा) लाळेच्या पीएचच्या अगदी जवळ आहे. पीएच जरा हलला की लाळेतलं प्रमाण बदलतं. म्हणून पट्टीने पीएचही मोजायला हवा. कुणी तसं करून दाखवलं तर मी मुक्तछंद यांच्या बाजूने. तोवर फक्त लाळेच्या आकड्यावरून डोस बदलणं मला धोक्याचं वाटतं.

मुक्तछंद: पीएचचा मुद्दा पटला. पण मुलांना टोचणं कमी करायचं असेल तर एकेक औषध घेऊन, रक्ताशी ताडून, सुरुवात करायलाच हवी. फेनिटॉइनपासून करा.

रसायनी: पॅरासिटामॉलपासून करा. ते इलेक्ट्रोडवर सरळ दिसतं, प्रथिनांना फारसं चिकटत नाही, आणि ओव्हरडोसमध्ये पातळी लवकर कळणं यकृत वाचवू शकतं.