मदत हवी आहे: घरचे ब्रॉडबँड बदलायचे आहे, पण नवी वायरही त्याच खांबावरून येणार असेल तर? (नाशिक)

नमस्कार.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये, एका जुन्या चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरी एका कंपनीची 100 एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि ती सोडून दुसऱ्या कंपनीची घ्यावी, असे आता घरातल्या सगळ्यांचेच मत झाले आहे. सध्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बदल करण्यापूर्वी कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी आणि जुनी जोडणी नेमकी कधी बंद करावी, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आधी घरातली गरज सांगतो. पत्नी पुण्यातील एका कंपनीचे काम पूर्ण वेळ घरून करते आणि तिच्या दिवसाचा बराचसा भाग व्हिडिओ बैठकांत जातो. मुलगी अकरावीत आहे. तिचा संध्याकाळचा क्लास ऑनलाइन असतो. वडिलांचा इंटरनेटशी फारसा संबंध नाही, परंतु त्यांचा बीएसएनएलचा 0253 चा जुना दूरध्वनी क्रमांक, जो आजही तांब्याच्या तारेवर चालतो, तो काहीही झाले तरी राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. निफाड-येवल्याकडचे सगळे नातेवाईक त्यांना त्याच क्रमांकावर फोन करतात, त्यामुळे हा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे.

अडचणी दोन आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी असावीत, असे मला वाटते. पहिली म्हणजे जोडणी पूर्णपणे बंद पडणे. ओएनटीवरचा (म्हणजे फायबर ज्या पेटीला घरात जोडतात तिच्यावरचा) ‘लॉस’चा दिवा लाल होतो, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात हे वारंवार झाले. वायर रस्त्याच्या कडेच्या विजेच्या खांबांवरून, गुलमोहराच्या फांद्यांमधून आमच्या गच्चीवर येते आणि तेथून जिन्याच्या डक्टमधून खाली उतरते. फांदी तुटली किंवा एखादा उंच ट्रक गल्लीत शिरला, की वायर तुटते. दुरुस्तीला येणारा मुलगा कष्टाळू आहे, मिळेल तेव्हा येऊन जोड मारून जातो. पण एकाच वायरवर आता इतके जोड झाले आहेत की पुढचा बिघाड केव्हा होईल, याची धास्ती कायम असते.

दुसरी अडचण संध्याकाळची आहे. दिवा हिरवा असतो, सगळे सुरू दिसते, पण आठच्या पुढे समोरच्याला आमचा आवाज तुटक ऐकू जातो. सुरुवातीला वाय-फायची शंका आली, म्हणून लॅपटॉप राउटरला थेट केबलने जोडून पाहिला. सकाळी वेग जवळजवळ पूर्ण मिळतो. संध्याकाळी डाउनलोडचा आकडा बरा दिसतो, पण अपलोड फार खाली येतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो वेग लिहितात तो डाउनलोडचा असतो आणि व्हिडिओ बैठकीत आपला चेहरा व आवाज पलीकडे नेण्याचे काम अपलोड करतो, ही गोष्ट घरून काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता पर्यायांविषयी. आमच्या भागात चौकशी केल्यावर तीन मार्ग समोर आले. एक, देशभर सेवा देणाऱ्या एका खासगी कंपनीचे फायबर. दुसरा, बीएसएनएलचे फायबर, जे स्थानिक भागीदारामार्फत घरापर्यंत येते. तिसरा, गच्चीवर 5जी रिसीव्हर बसवून घेण्याचा बिनतारी पर्याय. दरांत फार तफावत नाही. जाहिरातीतील दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि बसवण्याचा खर्च माफ होण्यासाठी बहुतेक ठिकाणी सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरावे लागतात, एवढे समजले.

माझा गोंधळ झाला तो यापुढच्या गोष्टीने. पहिल्या दोन्ही पर्यायांसाठी आमच्या गल्लीत जोडणी करून देणारा माणूस एकच आहे. त्याने स्पष्टपणे सांगितले की वायर कोणत्याही कंपनीची घेतली, तरी ती त्याच खांबांवरून, त्याच झाडांमधून येईल आणि आमच्या जिन्यातही त्याच डक्टमधून उतरेल. मग बिलावरचे नाव बदलून आमच्या पहिल्या अडचणीत काय फरक पडणार? जाहिराती वेग, ओटीटी आणि मोफत राउटर यांविषयी बोलतात. वायर कोणत्या वाटेने येते आणि ती तुटल्यावर जोडायला कोण येतो, याविषयी कोणीच बोलत नाही. माझ्या मते ग्राहकाने सर्वांत आधी हेच विचारायला हवे. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात ठिकठिकाणी रस्ते खोदले जात असल्यामुळे जमिनीखालची वायरही सुरक्षित मानावी का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. वायरची वाट खरोखर वेगळी आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी कसे ओळखावे? संध्याकाळच्या गर्दीचा अंदाज आधी घेता येतो का? जुन्या जोडणीचे काही महिन्यांचे पैसे आधीच भरलेले आहेत आणि राउटरची अनामत रक्कमही कंपनीकडे आहे; ती मागण्याची योग्य पद्धत कोणती? वडिलांचा क्रमांक राखून बदल करता येईल का? शिवाय सोसायटीने बाहेरच्या भिंतीला नवीन छिद्रे पाडण्यास मनाई केली आहे, कारण मागे त्यातूनच पाणी झिरपले होते. जुन्याच छिद्रातून दुसरी वायर घेता येते का, हेही कोणी सांगितल्यास उपयोग होईल.

प्रतिसाद (पंचवटी)

मी फायबर जोडणीच्या कामात आहे, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

वाट ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे जोडणी करणाऱ्याला सोबत घेऊन तुमच्या गच्चीपासून सर्वांत जवळच्या वितरण पेटीपर्यंत चालत जाणे. पेटी कोणत्या खांबावर आहे, तिच्यात मोकळे पोर्ट आहे का आणि मधल्या अंतरात किती झाडे आहेत, हे डोळ्यांनी दिसते. तुमची इमारत दोन गल्ल्यांच्या मध्ये असेल, तर मागच्या गल्लीतल्या पेटीतून वायर आणण्याचा आग्रह धरा. माणूस तोच असला तरी वाट बदलता येते, फक्त वायर थोडी जास्त लागते.

जोडांविषयी तुमची धास्ती रास्त आहे. मशीनने वितळवून केलेल्या चांगल्या जोडात प्रकाशाचे नुकसान 0.1 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, पण घाईत हाताने बसवलेल्या कनेक्टरमध्ये ते त्याच्या कितीतरी पट होऊ शकते. वायरला तीव्र वाक पडला तरी प्रकाश गळतो. एका मुख्य फायबरचे 32 घरांत वाटप केले, की त्या वाटपातच सुमारे 17 डेसिबल खर्च होतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात उधळपट्टीला जागा नसते. नेहमीच्या ओएनटीची मर्यादा उणे 27 डीबीएमच्या (येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) जवळ असते. नवी जोडणी झाल्यावर पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. तो उणे 18 ते उणे 22 च्या दरम्यान असेल तर समाधान माना, उणे 25 च्या खाली असेल तर काम पुन्हा करून घ्या. तो आकडा लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला तर तुलना करता येते.

संध्याकाळच्या वेगाबद्दल सांगायचे तर, जीपॉन पद्धतीत (म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देण्याच्या पद्धतीत) एका पोर्टवरील सगळ्या घरांना मिळून डाउनलोडला सुमारे 2.5 जीबीपीएस आणि अपलोडला त्याच्या निम्मेच मिळते. म्हणून आधी अपलोड तुटते, हे तुमचे निरीक्षण योग्य असू शकते. मात्र पुष्कळदा अडथळा त्याच्याही पुढे, स्थानिक वितरकाने वरून घेतलेल्या क्षमतेत असतो. त्याच पेटीवरच्या शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता केबल जोडून वेग मोजणे, यापेक्षा खात्रीची दुसरी पद्धत मला माहीत नाही.

एक गोष्ट आवर्जून विचारा. फायबर थेट घरात येणार, की इमारतीतल्या स्विचपर्यंत फायबर आणि तेथून साधी लॅन केबल? दुसऱ्या प्रकारात जिन्यातली वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद होते. थेट फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरचे अनेक घरांत वाटप करणाऱ्या भागाला, वीज लागत नाही; ओएनटीला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस लावला, की वीज गेल्यावरही तुमच्या बाजूने काम चालू राहते.

छिद्राची चिंता नको. घरात येणारी वायर बारीक असते, जुन्या छिद्रातून दुसरी सहज जाते. फक्त जुनी वायर काढल्यावर छिद्र सिलिकॉनने बंद करून घ्या.

प्रतिसाद (नाशिकरोड)

पैसे आणि क्रमांक यांविषयी लिहिते.

मोबाइलप्रमाणे कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवण्याची सोय आपल्याकडे घरच्या दूरध्वनीला नाही. तुमच्या वडिलांचा क्रमांक बीएसएनएलचा असल्यामुळे तो बीएसएनएलकडेच राहू शकतो. मात्र तांब्याच्या तारेवरून फायबरवर जाताना तोच क्रमांक कायम ठेवता येतो. अर्ज करताना नवी जोडणी न मागता ‘आहे तोच क्रमांक ठेवून फायबरवर रूपांतर’ असे स्पष्ट लिहा. खासगी कंपनीकडे गेलात, तर तांब्याची तार स्वतंत्रपणे चालू ठेवा आणि तिचे बिल वेगळे भरत राहा. फायबरवरचा फोन विजेवर अवलंबून असतो, हे वडिलांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

जुनी जोडणी बंद करण्याची विनंती फोनवर न करता ईमेलने किंवा अ‍ॅपवरून करा आणि विनंतीचा क्रमांक जपून ठेवा. राउटर परत देताना त्याच्या सिरियल नंबरसह पावती घ्या, कारण पुढे वाद बहुधा त्यावरूनच होतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2024 च्या नियमांनुसार सेवा बंद झाल्यावर अनामत रक्कम 45 दिवसांत परत मिळायला हवी. आगाऊ भरलेल्या भाड्याचे मात्र तसे नाही, ते त्या प्लॅनच्या अटींवर ठरते. म्हणून अटी वाचल्याशिवाय बंद करण्याची तारीख ठरवू नका. तक्रारीचे उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्यावर 39 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तेथेही काम झाले नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे जोडणी करणाऱ्याबरोबर गच्चीवरून पाहणी केली. मागच्या गल्लीत खरोखरच दुसरी पेटी आहे, तिच्यात पोर्ट मोकळे आहे आणि मधे एकच झाड लागते. त्या पेटीवरून बीएसएनएलचे फायबर मिळू शकते, त्यामुळे वडिलांचा क्रमांकही त्याच जोडणीवर राहील. अर्जात रूपांतराचे शब्द नेमके तसेच लिहिणार आहे. मागच्या गल्लीतले एक परिचित त्याच पेटीवर आहेत. रात्री त्यांच्याकडे लॅपटॉप जोडून अपलोड मोजण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. तो आकडा पाहिल्यानंतरच पैसे भरीन आणि तेही सध्या फक्त एका महिन्याचे, मग बसवण्याचा खर्च द्यावा लागला तरी चालेल. जुनी जोडणी तोपर्यंत सुरूच राहील, कारण पत्नीच्या कामात एका दिवसाचाही खंड आम्हाला परवडणारा नाही.

आता एकच गोष्ट विचारायची राहिली. मागच्या गल्लीतही पुढे खोदकाम निघाले, तर राखीव सोय म्हणून गच्चीवरचा 5जी रिसीव्हर घ्यावा की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावे, हे ठरत नाही. इंदिरानगर, राजीवनगर किंवा पाथर्डी फाटा परिसरात जे सभासद हा बिनतारी पर्याय वापरत असतील, त्यांनी भर पावसात आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान त्यांना मिळणारा अपलोडचा वेग कृपया येथे लिहावा. रिसीव्हर कोणत्या दिशेला बसवला आहे आणि टॉवर गच्चीवरून दिसतो का, हेही सांगितले तर आमच्या इमारतीशी ताडून पाहता येईल.