आज्यांनी फलक धरायचे की घर सांभाळायचं?

पाणकोंबडी: शेजारच्या धाग्यावर ठोकळा लिहितात, "ऑस्ट्रेलियात सरकार अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळनिवाशांची) मुलं घरातून उगाच उचलत नाही. दारू असते, मारझोड असते. आज्यांनी फलक धरण्यापेक्षा घर सांभाळावं." दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

अहो, घर सांभाळायलाच तर मागतायत त्या! २०१४ साली न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावात आज्या एकत्र आल्या, 'ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स'. आईकडे ठेवता येत नसेल तर मूल आधी आम्हाला द्या, एवढंच म्हणणं. कायद्यातही तोच क्रम आहे: आधी नातलग, मग समाज, परके सगळ्यात शेवटी. कायद्याच्या प्राध्यापक मेगन डेव्हिस यांनी अशा ११४४ मुलांची प्रकरणं तपासली. २०१९ च्या त्यांच्या अहवालात दिसतं, की हा क्रम बऱ्याचदा कागदावरच राहिला. अ‍ॅबोरिजिनल लोकांत आईची बहीण म्हणजेही आईच. आपण 'माय मरो, मावशी जगो' म्हणतो. तिथे मावशी जिवंत आणि मूल परक्या घरी.

ठोकळा: पूर्वी उचललेल्या मुलांबद्दल २००८ मध्ये पंतप्रधान रड यांनी संसदेत माफी मागितली ना? अजून किती वेळा मागायची?

पाणकोंबडी: आज्यांची घोषणाच आहे, सॉरी म्हणजे पुन्हा करायचं नाही. घराबाहेर ठेवलेल्या दर १०० मुलांत आजही ४० च्या वर अ‍ॅबोरिजिनल. देशातल्या एकूण मुलांत ती जेमतेम ६.

सिडनीची_सून: मी इथे पाळणाघरात काम करते. मुलाचे हाल होतायत असा संशय आला की सरकारला कळवणं मला कायद्याने भाग आहे. एक पोर सोमवारी आल्या आल्या तीन वाट्या सीरियल खायचं. शनिवार-रविवार उपाशी. कळवलं तेव्हा हात थरथरत होते. (गोरं होतं, आधीच सांगते.) उद्या मूल दगावलं की तुम्हीच विचारणार, बालसंरक्षण खातं झोपलं होतं का?

कडूलिंब: कळवता ना, अगदी हौसेने! आमच्या लेकीच्या कमरेवर जन्मापासूनचे निळसर डाग आहेत. ते बघून पाळणाघरवालीला वाटलं आम्ही मारतो.

खारीक: +१. आम्ही फोटो काढून ठेवलेत. डाग जन्मजात असल्याचं पत्र कुणाकडून घेतलंत?

कडूलिंब: पत्र कशाला, बाळाच्या निळ्या पुस्तकात (आरोग्याच्या नोंदींचं असतं ते) नोंद करून घ्या, पुरते.

खारीक: आणि बाहेर हाताने भरवू नका. नॉर्वेचं २०११ चं प्रकरण आठवतंय ना, भारतीय जोडप्याची मुलं उचलली ते?

पाणकोंबडी: डागांचा वेगळा धागा काढा! तुमच्याकडे पुस्तक होतं, इंग्रजी होतं, दुपारपर्यंत मिटलं. आज्यांचं कोण ऐकून घेतं?

कडूलिंब: 'दुपारपर्यंत'? बायको आठ रात्री झोपली नाही. तुम्ही होतात का तिथे?

ठोकळा: बरं, ते ११४४ चं वाचलं. क्रम पाळायला हवा होता, मान्य. व्हा खूश. पण मुलाला लवकर कायमचं घर मिळावं म्हणून न्यू साउथ वेल्सने २०१८ मध्ये कायदा केला, तोही आज्यांना नको. पोरांनी बॅग घेऊन फिरत राहायचं?

पाणकोंबडी: आईबापांच्या संमतीविना दत्तक देणं सोपं करणारा कायदा. त्यावर काय पेढे वाटायचे?

सिडनीची_सून: दत्तकाचं मलाही पटत नाही. पण त्या सोमवारच्या पोराला आजी नव्हती हो.

खारीक: निळं पुस्तक हरवलं तर नवं कुठे मिळतं?