केतुब्यात दोघांचीही समान कर्तव्ये लिहिता येतात का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): माझी बेने इस्रायली (महाराष्ट्रातील ज्यू समाजातली) मैत्रीण विवाहकरारात, म्हणजे केतुब्यात, दोघांचीही कर्तव्ये समान असावीत असे म्हणते. पारंपरिक मजकुरात हे बसते का?

उत्तर १: नाही. पारंपरिक अरामी केतुब्यात पतीच पत्नीच्या अन्नवस्त्राची हमी देतो आणि घटस्फोट वा वैधव्य आल्यास तिला द्यायची रक्कम, कुमारी वधूसाठी २०० झूझ (प्राचीन चांदीची नाणी), नमूद होते. त्या काळी तो स्त्रीचा मोठा आधार होता, हे विसरू नये.

उत्तर २: पण पर्याय आहे. ज्यू स्त्रीवादी धर्मचिंतक रेचल ॲडलर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘ब्रित अहुविम’ (‘प्रेमिकांचा करार’) या विवाहकरारात वधूच्या ‘संपादना’ऐवजी, म्हणजे वराने वधू मिळवण्याच्या पारंपरिक कल्पनेऐवजी, भागीदारीच्या ज्यू कायद्याचा आधार घेतला असून दोघेही आपापली मौल्यवान वस्तू एका पिशवीत ठेवतात व ती मिळून उचलतात. मला हा विधी फार मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. अंगठ्या गुजरीतून, इथल्या सराफबाजारातून, घेणारच आहोत. पिशवी मी स्वतः शिवेन.